जांभळ्या बुचाची नळी

आमच्या रेवाचं दुखणं आम्हाला आधी ऐकू आलं. फरशीवरून चालताना तिच्या मागच्या पायांच्या नखांचा खर्र खर्र आवाज यायला लागला. जर्मन शेफर्ड, वय नऊ. ‘म्हातारी झाली’ असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. एक्स-रे झाले, सांध्यांच्या गोळ्या झाल्या, कुणी सुचवलं म्हणून तिळाच्या तेलाचं मालीशही झालं. चार-पाच महिन्यांत तिचा पंजा उलटा टेकायला लागला आणि वर्ष संपायच्या आत कमरेखालचं अंग लुळं पडलं. वेदना मात्र दिसत नव्हत्या. भूक चोख, डोळे पहिल्यासारखेच खोडकर, दारावरची बेल वाजली की भुंकणंही तेवढंच. फक्त उठता येत नव्हतं. डॉक्टरांनी शेवटी एक नाव घेतलं: डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. मज्जारज्जू हळूहळू झिजत जातो आणि त्यामागे बहुधा आनुवंशिक कारण असतं. ‘बहुधा’ म्हणायचं, कारण खात्री करायची तर मज्जारज्जूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. म्हणजे कुत्रं गेल्यावर.

जिथून पिल्लू आणलं होतं त्या ब्रीडरला फोन केला. “आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही मॅडम. तुमचं फीडिंग चुकलं असेल.” नऊ वर्षं पोळी-दूध, भात-चिकन जे काही घातलं ते आठवून मी आठवडाभर स्वतःला दोष देत राहिले. रेवा गेल्यावर दोनेक महिन्यांनी पुण्यात तळजाई टेकडीवर फिरताना एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला: मागच्या पायांना चाकांची गाडी बांधलेली त्यांची डायना. तिची जन्मतारीख निघाली, ब्रीडर कोण ते निघालं, आणि आम्ही दोघंही वाटेतच थांबलो. रेवा आणि डायना एकाच वेतातल्या सख्ख्या बहिणी होत्या. त्यांनाही तेच उत्तर मिळालं होतं, ‘फीडिंग’सकट.

एका शहरात, तीन-चार किलोमीटरच्या अंतरावर, दोन बहिणी एकाच आजाराने झिजत होत्या आणि ही गोष्ट जगात कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्या डॉक्टरांना माझी फाइल ठाऊक, त्यांच्या डॉक्टरांना त्यांची. त्या वेतात आणखी पिल्लं असणार, त्यांचं काय झालं? आई-बापांचा पुढे किती वेळा जोड लावला गेला? मला जे म्हणायचं आहे ते या प्रश्नांतूनच आलेलं आहे. पुण्यात जातिवंत कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या रक्ताचा नमुना आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या आजारपणाची खरी नोंद संशोधनासाठी द्यायला हवी. ती देता येईल अशी जागाही हवी. कुत्र्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं असं आपण म्हणतो, पण त्याच्या घराण्यात काय चाललंय हे विचारायला लाजतो आणि सांगायला तर त्याहून लाजतो.

घराणं म्हटल्यावर थोडं विषयांतर. आपल्याकडे स्थळ बघताना सगोत्र नको, एक नाड नको, हल्ली रक्तगट आणि बाकीच्या तपासण्याही बघा म्हणतात. (मामाची मुलगी मात्र अनेक घरांत चालते, ते सोडा.) त्याच घरातली मादी हीटवर आली की ‘चांगला नर’ शोधताना मात्र डोकं मोठं आहे का, हाड भरलेलं आहे का, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत का आणि इम्पोर्ट लाइन आहे का, एवढंच विचारतात. शोमध्ये बक्षीस मिळवलेला एखादा देखणा नर असला की गावोगावच्या माद्या त्याच्याकडे येतात. पुढे त्याच्या मुली, नाती. आजोबा आणि नातीच्या जोडाला ‘लाइन ब्रीडिंग’ असं भारदस्त नाव आहे. आजच्या बहुतेक प्रसिद्ध जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांत युरोपात घडवल्या गेल्या आणि मग त्यांची नोंदवही बंद झाली: वहीत ज्यांचे आई-बाप आहेत त्यांनाच वहीत जागा. इथे तर त्या वहीतल्या मोजक्या आयात कुत्र्यांपासून वंश सुरू झाला. एखाद्या आयात नराच्या जनुकांत बिघाड असेल तर तो त्याच्या पणतवंडांत दोन्ही बाजूंनी येऊन भेटणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

यातलं विज्ञान अवघड नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बऱ्याच आनुवंशिक आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवून नेते. असा कुत्रा वाहक असतो, स्वतः ठणठणीत, आणि शोमध्ये पहिलाही येऊ शकतो. दोन वाहकांचा जोड लागला तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची. लॅब्रेडोर, कॉकर, पूडल यांच्यात दिसणारा एक दृष्टिपटलाचा आजार असाच येतो. आधी रातांधळेपणा, संध्याकाळी जिन्यावर अडखळणं, तुळशीच्या कट्ट्याला धडकणं, मग पूर्ण अंधत्व. पुण्यातल्या सिंधी कुटुंबांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या समाजात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक जास्त आढळतात, त्यामुळे लग्नाआधी तपासणी करा असं डॉक्टर आणि समाजातली माणसं कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडत आली आहेत. वाहक असणं हा कलंक नाही, दोन वाहकांनी नकळत एकत्र येणं एवढाच धोका आहे, हे माणसांच्या बाबतीत पटवायला एक पिढी गेली. कुत्र्यांच्या बाबतीत आपण अजून कलंकाच्याच पायरीवर आहोत.

आता कुणी म्हणेल, माझ्या एका कुत्र्याच्या रक्ताने काय होणार? त्याचं उत्तर रेवाच्याच आजारात आहे. 2009 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातल्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी या आजाराचं मूळ शोधलं. त्यासाठी त्यांनी तपासले 38 आजारी कॉर्गी, म्हणजे आखूड पायांची ती कुत्री, आणि त्यांचेच नातेवाईक असलेले 17 निरोगी कॉर्गी. एकूण पंचावन्न. आपल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत सकाळी सात वाजता एवढी कुत्री खाली उतरतात. बिघाड सापडला एसओडी-1 नावाच्या जनुकात आणि पुढे तोच बॉक्सर, जर्मन शेफर्ड अशा इतर जातींतही दिसला. हे जनुक डॉक्टरांच्या ओळखीचं होतं. माणसांत मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा झिजवणारा एएलएस नावाचा आजार आहे, स्टीफन हॉकिंगना होता तो. त्याच्या काही घराण्यांत याच जनुकात बिघाड असल्याचं 1993 मध्येच कळलं होतं, आणि 2023 मध्ये त्या रुग्णांसाठी टोफरसेन हे औषध अमेरिकेत मान्य झालं.

कुत्र्यांच्या बाबतीत इतक्या थोड्या नमुन्यांत काम कसं भागतं? कारण तेच, ज्यामुळे आजार आले. एका जातीतले कुत्रे एकमेकांच्या इतके जवळचे असतात की त्यांच्या डीएनएचे लांबलचक तुकडे सारखेच असतात, त्यामुळे वेगळा तुकडा चटकन उठून दिसतो. टाशा नावाच्या बॉक्सर मादीचा संपूर्ण जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा सगळा मजकूर, 2005 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांत संशोधकांनी दाखवून दिलं की साधा, एकाच जनुकाचा गुणधर्म असेल तर एका जातीतले दहा ‘असलेले’ आणि दहा ‘नसलेले’ कुत्रेही पुरतात. हिप डिस्प्लेशियासारख्या (खुब्याचा सांधा नीट न बसणं) अनेक जनुकांच्या आणि खाण्यापिण्याच्या, वजनाच्याही भानगडीत मात्र हजारो लागतात. लहान पिल्लाला गुळगुळीत फरशीवर वाढवणं, आठव्या महिन्यातच लॅबचा हत्ती करून ठेवणं, हे सगळं तिथे येतं, म्हणून नुसता नमुना देऊन भागत नाही. वजन किती, खायला काय, आजार कधी दिसला, नसबंदी कोणत्या वयात झाली, याची वही हवी. स्वीडनमध्ये कित्येक कुत्र्यांचा विमा असतो आणि तिथले संशोधक विम्याच्या दाव्यांवरून कोणत्या जातीला काय होतं याचा हिशोब वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. अमेरिकेत मॉरिस अॅनिमल फाउंडेशनने 2012 पासून तीन हजारांहून जास्त गोल्डन रिट्रीव्हर तरुणपणीच नोंदवले आणि आयुष्यभर त्यांच्या मागावर राहिले, मुख्यतः कॅन्सर का होतो हे बघायला. त्या मालकांनी दरवर्षी लांबलचक प्रश्नावल्या भरल्या. आपल्याकडे लसीकरणाचं कार्डसुद्धा दर दोन वर्षांनी हरवतं, आणि हे मी माझ्याच घराबद्दल बोलते आहे.

नमुना देणं तर त्या मानाने काहीच नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नाहीतर दोन-तीन मिलिलिटर रक्त. ते रक्त बहुतेक वेळा काढलेलंच असतं! कुत्र्याला ताप आला, डॉक्टरांनी सीबीसी सांगितली की रक्त त्या जांभळ्या बुचाच्या नळीत जातं. डीएनए काढायलाही तीच नळी चालते. तपासणी झाली की उरलेलं रक्त कचऱ्यात. रेवाचं अशा किती नळ्यांमधलं रक्त गेलं असेल, मी मोजलेलं नाही.

संशोधकांना आजारी कुत्र्याइतकंच म्हातारं निरोगी कुत्रं हवं असतं, हे तर आपल्या कुणाच्या गावीच नसतं. एसओडी-1च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असूनही काही कुत्री चौदाव्या वर्षीही टेकडी चढतात. का? त्यांना काय वाचवतं? उत्तर त्यांच्याच रक्तात असणार. पण आपलं कुत्रं धडधाकट असेल तर ‘आम्हाला काय गरज’ म्हणून आपण पुढे जातो, आणि आजारी असेल तर लपवतो. संशोधनाला मग दोन्हीकडून काहीच मिळत नाही.

लपवण्याला कारणं आहेत, ती नुसती मूर्खपणाची नाहीत. ब्रीडरचं पोट त्यावर असतं. ज्याने मादीच्या एका वेतासाठी पैसे गुंतवले, तो ‘आईला आजार निघाला’ असं कशाला सांगेल? मालकालाही वाटतं की एवढे पैसे मोजून आणलं आणि निघालं हे, लोक हसतील. शिवाय एकदा चाचणीचा निकाल हाती आला की त्याचा गैरवापर होऊ शकतो, ही भीती खरी आहे. निकालात ‘वाहक’ आलं म्हणून कुत्रं सोडून देणारे महाभाग आपल्या शहरात निघतील याबद्दल मला शंका नाही. हस्की आणून जूनमध्ये गॅलरीत बांधणाऱ्यांच्या गावात काहीही शक्य आहे.

वाहकांना सरसकट बाद करणं हे विज्ञानाच्या दृष्टीनेही चूक. आधीच लहान असलेल्या घराण्यातून निम्मी कुत्री काढून टाकली तर उरलेल्यांत दुसराच एखादा आजार माजू शकतो. वाहकाचा जोड दोन्ही प्रती चांगल्या असलेल्याशी लावायचा, म्हणजे एकही पिल्लू त्या आजाराने आजारी पडत नाही, आणि पुढची निवड हळूहळू करायची. डाल्मेशियनची गोष्ट याहून मजेदार आहे. त्या जातीत जवळजवळ प्रत्येक कुत्र्यात यूरिक अॅसिडची ने-आण करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यामुळे लघवीत ते अॅसिड वाढतं आणि खड्यांचा धोका. चांगली प्रत जातीत शोधून मिळेना. 1973 मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने एका पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या परत डाल्मेशियनशीच लावत नेल्या. काही पिढ्यांत दिसायला अस्सल डाल्मेशियन, पण लघवी निरोगी. अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला कायमचा दरवाजा उघडला तो 2011 मध्ये. अडतीस वर्षं! एक आजोबा परजातीचा, एवढाच गुन्हा. ही कथा ऐकताना आपल्याला कशाची आठवण होते ते मी लिहीत नाही, वाचणारे पुण्यातले आहेत.

माझ्या मैत्रिणींपैकी जी सगळ्यात जास्त चिडते, तिचं म्हणणं वेगळं आहे. ती रस्त्यावरची कुत्री सांभाळते. ती म्हणते, हे संशोधन म्हणजे ब्रीडरांची घाण आपल्या खर्चाने धुणं. जातिवंत कुत्री विकत घेणं बंद करा, आजार आपोआप संपतील. मी तिच्याशी अर्धी सहमत आहे, आणि रेवानंतर आमच्या घरी गल्लीतली चिंगीच आली. पण उरलेल्या अर्ध्यात दोन अडचणी आहेत. जन्माला आलेली लाखो कुत्री उद्या नाहीशी होणार नाहीत, त्यांना पिल्लंही होत राहणार. आणि बिघडलेली जनुकं केनेलच्या कुंपणात राहत नाहीत. 2018 मध्ये एक लाखाहून जास्त कुत्र्यांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर पाचातल्या दोघांत आजाराशी जोडलेल्या बिघाडाची निदान एक प्रत निघाली. मिश्र जातीची कुत्री वाहक असण्याचं प्रमाण जातिवंतांहून जास्तच होतं. दोन्ही प्रती बिघडण्याची शक्यता मात्र त्यांच्यात कमी, कारण त्यांचे आई-बाप एकमेकांचे काका-पुतणी नसतात. म्हणजे मैत्रिणीचं निदान बरोबर, पण तिची कुत्रीही याच हिशोबात आहेत. उलट आपल्या गावठी कुत्र्यांचा डीएनए फार जुना आणि वैविध्याचा आहे. निरोगी प्रत कशी दिसते हे ओळखायला त्यांच्याइतका चांगला नमुना मिळणार नाही. मराठवाड्यातला कारवानी, कर्नाटकातला मुधोळ, या आपल्या देशी शिकारी कुत्र्यांची तपासणी तर आपण केली नाही तर कोण करणार?

माणसाच्या औषधासाठी कुत्रा, हा मुद्दा मी मुद्दामच पुढे रेटत नाही, कारण त्याला एक काळी बाजू आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात चालता चालता झोपेच्या झटक्याने कोसळणाऱ्या डोबरमनांची वसाहतच पाळलेली होती. 1999 मध्ये एमॅन्युएल मिग्नो यांच्या गटाला त्यांच्यात बिघडलेलं जनुक सापडलं आणि झोपेबद्दलचं आपलं ज्ञान बदलून गेलं. जन्मांध ब्रियार्ड कुत्र्यांना 2001 मध्ये जनुकोपचाराने दृष्टी मिळाली आणि त्याच वाटेने 2017 मध्ये अमेरिकेत माणसांच्या एका आनुवंशिक अंधत्वावरचा उपचार मान्य झाला. दोन्ही कामं थोर. पण त्यासाठी आजारी कुत्री प्रयोगशाळेत पैदा करावी लागली, पिंजऱ्यात वाढवावी लागली. घरी सोफ्यावर लोळणाऱ्या, लाडावलेल्या, ज्याला आजार तसाही झालाच आहे अशा कुत्र्याची काडी आणि वही मिळाली, तर त्या पिंजऱ्यांची गरज कमी होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणाऱ्यांनी तर नमुना द्यायला सगळ्यात आधी रांगेत उभं राहायला हवं.

मात्र माझ्या अटी आहेत, आणि त्या पुणेरी आहेत. संमतीचा कागद मराठीत हवा, बारीक अक्षरात नको. नमुना कशासाठी वापरणार, परदेशी कंपनीला विकणार का, हे त्यावर लिहिलेलं हवं. मालकाचं नाव-पत्ता निकालापासून वेगळा ठेवलेला हवा. मालकाला हवं असेल तर उत्तर मिळालंच पाहिजे, आणि ते समजावून सांगणारा माणूस हवा, नुसती पीडीएफ नको. आई-बापांचे नोंदणी क्रमांक मात्र उघड राहावेत, कारण सगळा फायदाच त्यात आहे. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता कामा नये, असे केंद्राचे नियम 2017 पासून आहेत. त्याच नोंदणीला आई-बापांच्या तपासणीचा एक रकाना जोडायला काय हरकत आहे? महापालिका कुत्र्याचा परवाना देताना रेबीजची लस बघते. तिथेही एक ओळ वाढू शकते.

आणि हे काम करायला आपल्याला बोस्टनला जायला नको. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा रस्त्याने आपल्यापासून तास-दीड तासावर आहे. पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. ज्या शहरात पेशी वर्षानुवर्षं गोठवून जपण्याचं शास्त्र रोजच्या कामाचं आहे, तिथे कुत्र्यांच्या रक्ताचा एक फ्रीझर आणि एक प्रामाणिक रजिस्टर एवढं मागणं जास्त नाही. डायनाच्या मालकांनी आणि मी सुरुवात म्हणून त्या वेतातल्या बाकीच्या पिल्लांचा शोध घेतला. दोन सापडली. एकाच्या मालकाने फोन ठेवून दिला. दुसऱ्या कुटुंबाने सगळी फाइल दिली, अगदी दवाखान्याच्या बिलांसकट. त्यांचा कुत्रा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि मजेत होता.

एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. रेवा गेली त्या रात्री डॉक्टरांनी चाचरत विचारलं होतं, मज्जारज्जूचा नमुना ठेवायचा का, म्हणजे निदान पक्कं होईल. मी नाही म्हटलं. तिला कापू नका, असंच म्हटलं. आजही त्या क्षणी दुसरं काही म्हणता आलं असतं असं मला वाटत नाही. म्हणून हा निर्णय आधी, शुद्धीवर असताना, कागदावर करून ठेवायचा असतो.

चिंगी आता अकराची आहे. मागच्या महिन्यात तिचं किडनीचं रक्त काढायचं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, सोबत एक जांभळी नळीही भरा, फेकू नका, संशोधनाला द्यायची आहे, निरोगी म्हातारीचं रक्त आहे. आणि ती गेल्यावर जे काही काढायचं असेल तेही काढा, लिहून देते. त्यांनी नळीवर चिंगीचं नाव आणि तारीख घातली, फ्रीजमध्ये लसींच्या शेजारी ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “ठेवतो की. पण पाठवायचं कुठे?”